यादीतली नोंद मध्येच नाहीशी झाली तर?

हल्ली शाळेतले, सोसायटीतले आणि कचेरीतले पुष्कळसे कामकाज कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालते. पूर्वी जाडजूड वह्या असत, आता याद्या पडद्यावर उमटतात. नावापुढच्या चौकटीत खूण करायची, खाली एक बटण असते ते दाबायचे, की काम पुढे गेले. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण ह्याच सोयीच्या पोटात एक अडचण दडलेली असते, आणि ती बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येते. यादीत नाव स्वच्छ दिसत असते. आपण बटण दाबतो. आणि यंत्र उत्तर देते, ‘ही नोंद अस्तित्वात नाही.’

समोर बसलेले गुरुजी चक्रावून जातात. शेजारी उभा असलेला पालक म्हणतो, “अहो गुरुजी, नाव तर दिसतंय की! मग नाही कसं म्हणतंय ते?” पुन्हा बटण दाबले जाते, पुन्हा तेच उत्तर. शेवटी दोष येतो तो बटण दाबणाऱ्या माणसावर. ‘तुम्हीच काहीतरी भलतं दाबलं असणार,’ असे म्हणून लोक मोकळे होतात. वास्तविक बटण दाबणाराने काहीच वावगे केलेले नसते. मग घडते तरी काय? आणि असे घडले म्हणजे यंत्राने कसे वागावे, व आपण कसे वागावे? आज आपल्याला ह्याच गोष्टीचा थोडा विचार करायचा आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की पडद्यावर आपल्याला जे दिसते ती मूळ नोंद नव्हे, ती नोंदीची नक्कल आहे. मूळ नोंद दूर कुठेतरी एका मोठ्या यंत्रात असते. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. त्या व्यवस्थेत संभाषणाची रीत अगदी साधी ठेवली होती: एक प्रश्न, एक उत्तर. आपल्या यंत्राने विचारायचे, ‘सातवी अ ची यादी द्या.’ सर्व्हरने यादीची नक्कल पाठवायची आणि विषय तिथेच संपवायचा. ती नक्कल कुणाकडे गेली, तो ती अजून पाहत बसला आहे की उठून गेला, याची आठवण ठेवायचे बंधन सर्व्हरवर नाही. ही रीत सोपी होती म्हणूनच वेब जगभर पसरले. पण त्याची किंमत अशी, की पडद्यावरची यादी ज्या क्षणी उमटते त्या क्षणापासून ती जुनी व्हायला लागते.

शेतकरी मंडळींना ही गोष्ट नवी वाटायला नको. चावडीवरून सातबाराचा उतारा आणला, तो त्या दिवसाचा. महिन्याभराने जमिनीचा फेरफार झाला तर आपल्या खिशातल्या कागदाला ते कसे कळणार? म्हणून तर बँका ‘ताजा उतारा आणा’ असे सांगतात. उतारा खोटा नसतो, तो शिळा असतो. पडद्यावरच्या यादीचेही तसेच. फरक एवढाच, की उतारा शिळा व्हायला महिना लागतो, आणि पडद्यावरची यादी एका सेकंदातही शिळी होऊ शकते. काही वेबपाने आपणहून पुन्हापुन्हा विचारणा करून स्वतःला ताजी ठेवतात खरी. तरी विचारणे आणि उत्तर येणे यांच्यामधली फट पूर्णपणे बुजत नाही.

आता एक उदाहरण कल्पनेने उभे करू. एका शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज पाठवायचे आहेत. वर्गशिक्षिकांनी सकाळी दहा वाजता पडद्यावर चाळीस मुलांची यादी उघडली. बारावे नाव सुलभाचे आहे आणि तेरावे सुमनचे. सुलभाच्या वडिलांची बदली झालेली, म्हणून ते ऑफिसात दाखला न्यायला आले. सव्वादहाला मुख्याध्यापकांनी आपल्या कॉम्प्युटरवरून सुलभाचे नाव कमी केले. बाईंच्या पडद्यावर मात्र अजून चाळीस नावे दिसताहेत. साडेदहाला बाईंनी सगळ्यांपुढे खूण केली आणि ‘पाठवा’ हे बटण दाबले. इथे बाईंची चूक नाही आणि मुख्याध्यापकांचीही नाही. दोघांनी आपापले काम योग्य वेळी, योग्य रीतीने केले. अडचण त्या दोन कामांच्या मधल्या पंधरा मिनिटांत आहे.

बाराव्या नावाशी आल्यावर यंत्राने काय करावे? वाईट रीतीने बांधलेले यंत्र तीनपैकी एक गोष्ट करते.

पहिली म्हणजे ते जागच्या जागी थबकते. अकरा अर्ज गेले, बारावा सापडला नाही, काम बंद. राहिलेले अठ्ठावीस अर्ज तिथेच. आणि पडद्यावर काय दिसते? तांबड्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी वाक्य. अकरा गेले की एकही गेला नाही, हे बाईंना कसे समजावे? त्या पुन्हा बटण दाबतात, म्हणजे पहिले अकरा अर्ज दुसऱ्यांदा जाण्याची भीती.

दुसरी गोष्ट म्हणजे ते गप्प बसते. बारावा सापडला नाही तर नाही, पुढे चला. आणि शेवटी ‘चाळीस अर्ज यशस्वीरीत्या पाठवले’ असा संदेश देते. हे पहिल्यापेक्षा गोड दिसते, पण पहिल्यापेक्षा वाईट आहे. कारण ते खोटे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. यंत्र नावाने न ओळखता जागेने ओळखत असले तर काय होईल पाहा. समजा बाईंच्या लक्षात आले, की सुलभाच्या अर्जात बँकेचा खातेक्रमांक चुकला आहे, म्हणून त्यांनी बाराव्या ओळीपुढचे ‘रद्द करा’ दाबले. सर्व्हरकडे निरोप गेला, ‘बारावा अर्ज रद्द.’ पण सुलभाचे नाव गेल्यामुळे तिथल्या यादीत आता सुमन बाराव्या जागी सरकली आहे. अर्ज रद्द झाला सुमनचा! कोणतीही चूक दाखवली गेली नाही, तांबडी अक्षरे उमटली नाहीत, यंत्राने मुकाट्याने आज्ञा पाळली. सुमनच्या घरी ही गोष्ट कळेल ती पैसे आले नाहीत म्हणजे, आणि तोवर मुदत संपून गेलेली असेल.

तेव्हा श्रोतेहो, यंत्राने ‘चूक झाली’ म्हणून ओरडणे हे सर्वांत मोठे संकट नव्हे. ओरडायला हवे तेव्हा त्याने गप्प राहणे, हे मोठे संकट.

ही जागेची गफलत केवळ दोन माणसे एकाच वेळी काम करीत असली तरच होते असे नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या नवशिक्यांकडून ती एकट्यानेही होते. समजा, रांगेत दहा मुले उभी आहेत आणि त्यांपैकी तिसरा व चौथा यांना काढायचे आहे. मोजणारा एकापासून निघाला. तिसऱ्यापाशी आला, त्याला रांगेतून काढले. रांग पुढे सरकली. पूर्वीचा चौथा आता तिसऱ्या जागी आला. पण मोजणारा म्हणतो, ‘तीन झाले, आता चार.’ चार नंबरला त्याला भेटतो पूर्वीचा पाचवा. ज्याला काढायचे होते तो पूर्वीचा चौथा तपासणीतून सुटलाच! उपाय अगदी साधा आहे. शेवटून मोजत यावे, म्हणजे रांग सरकली तरी पुढच्या मोजणीला धक्का लागत नाही. किंवा कोणाला काढायचे त्यांची आधी वेगळी यादी करून मग काढावे. जावा नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत तर अशी तजवीज आहे, की यादी वाचता वाचता कोणी मधूनच तिच्यात बदल केला, तर बहुधा लगेच काम थांबवून तक्रार नोंदवली जाते. पायथॉन या दुसऱ्या भाषेत तसे होत नाही; तिथे एखादी नोंद गुपचूप वगळली जाते.

आता उपायांकडे वळू. यातले बहुतेक उपाय आपल्या जुन्या दप्तरांत सापडतात, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

शाळेत मुलाला दोन क्रमांक असतात. एक हजेरीपटावरचा, दुसरा जनरल रजिस्टरमधला. हजेरी क्रमांक म्हणजे जागा; वर्ग बदलला की तो बदलतो. रजिस्टर क्रमांक मात्र एकदा मिळाला की मिळाला. मूल शाळा सोडून गेले तरी तो क्रमांक दुसऱ्या कोणाला देत नाहीत. यंत्राने नोंदीला ओळखावे ते ह्या दुसऱ्या प्रकारच्या क्रमांकाने. ‘बारावा अर्ज रद्द करा’ असे न म्हणता ‘रजिस्टर क्रमांक ४७१६ चा अर्ज रद्द करा’ असा निरोप जायला हवा. मग सुलभाची नोंद गेलेली असली, तर सर्व्हर सरळ सांगेल, ‘हा क्रमांक आता नाही,’ आणि सुमनच्या केसालाही धक्का लागणार नाही. म्हणजे चूक दाखवली जाईल, पण भलतीकडे घाव बसणार नाही.

दुसरा उपाय वेळेचा. आपण खात्री करून घेतो एका क्षणी, आणि काम करतो दुसऱ्या क्षणी. एस.टी.च्या प्रवासात याचा अनुभव कोणाला नाही? खिडकीतून पाहिले तर जागा रिकामी. वळसा घालून दारातून आत जाईपर्यंत तिथे दुसराच बसलेला. पाहिले तेव्हा जागा रिकामी होती हे खरे. पण पाहणे आणि बसणे यांच्यामध्ये फट राहिली. यावर आपल्या लोकांनी काढलेली युक्ती सर्वांना ठाऊक आहे: खिडकीतून रुमाल टाकायचा! कॉम्प्युटरच्या शास्त्रातही हाच रुमाल आहे, त्याला ‘कुलूप’ म्हणतात. मी नोंदीवर काम करीत आहे तोवर दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. पण रुमालाचा दोषही आपल्याला माहीत आहे. रुमाल टाकणारा आलाच नाही तर जागा अडून राहते आणि बाकीचे उभे. पडद्यावर यादी उघडून एखादे गुरुजी जेवायला गेले, तर तोवर साऱ्या ऑफिसने खोळंबायचे काय?

म्हणून दुसरी एक तऱ्हा निघाली. १९८१ साली कुंग आणि रॉबिन्सन या दोघा संशोधकांनी ती एका निबंधात पद्धतशीर मांडली. तिला ‘आशावादी’ पद्धत म्हणतात. कुलूप लावायचे नाही. दोघांची गाठ क्वचितच पडते असे धरून चालायचे, ज्याने त्याने आपले काम करायचे. मात्र शेवटची सही करण्यापूर्वी पाहायचे, की मी नोंद वाचल्यानंतर मधल्या काळात तिच्यात कोणी बदल केला का? केला नसेल तर काम पक्के. केला असेल तर माघार घेऊन, ताजी नोंद वाचून पुन्हा सुरुवात. ह्यासाठी दरेक नोंदीवर एक आवृत्ती-क्रमांक असतो आणि बदल झाला की तो पालटतो. वेबच्या नियमांतही अशी सोय आहे. आपले यंत्र सर्व्हरला सांगते, ‘नोंदीवर अमुक खूण अजून असेल तरच हे काम कर.’ खूण बदललेली असेल तर सर्व्हर ४१२ या क्रमांकाचे उत्तर देतो. त्याचा अर्थ, ‘तुझी अट आता पुरी होत नाही.’ इथली खुबी ही, की तपासणे आणि करणे ह्या दोन गोष्टी सर्व्हर एका दमात करतो. मधल्या फटीत तिसरा कोणी शिरू शकत नाही.

क्रमांकांचा विषय निघाला आहे तर आणखी दोन सांगतो. ४०४ हा आकडा आपल्यापैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिला असेल. त्याचा अर्थ, ‘तुम्ही मागितलेली वस्तू मला सापडली नाही.’ ती कधी होती की नव्हती, पुढे येईल की नाही, यांविषयी तो काहीच बोलत नाही. त्याचा एक भाऊ आहे, ४१०. १९९७ सालच्या वेबच्या नियमांत तो आहे. त्याचा अर्थ, ‘ती वस्तू इथे होती, पण काढून टाकली आहे आणि बहुधा ती परत यायची नाही.’ पोस्टमनने पत्र परत आणून ‘पत्ता सापडत नाही’ म्हणावे, आणि ‘मंडळी गाव सोडून गेली’ म्हणावे, यांत फरक आहे ना? पहिल्या उत्तराने माणूस पुन्हा शोधत बसतो, दुसऱ्याने शोध थांबतो. सुलभाच्या बाबतीत यंत्राने ‘नोंद नाही’ एवढेच न म्हणता ‘ही नोंद आज सव्वादहा वाजता शाळा सोडल्यामुळे कमी केली आहे’ असे म्हटले, तर बाईंचा अर्धा ताप वाचतो.

पण नोंद सापडली नाही म्हणजे दर वेळी आरडाओरडा करायलाच हवा, असेही नाही. काम कोणते आहे हे पाहावे लागते. आपण दिवा मालवायला गेलो आणि तो आधीच कोणी मालवलेला असला, तर आपण तक्रार करतो का? आपल्याला अंधार हवा होता, तो झाला. तसेच ‘ही नोंद काढून टाक’ अशी आज्ञा दिली आणि नोंद आधीच गेलेली असली, तर हवे ते झालेलेच आहे. म्हणून वेबच्या नियमांत काढून टाकण्याची आज्ञा अशी मानली आहे, की ती एकदा दिली काय अन् दोनदा दिली काय, शेवटची स्थिती एकच राहावी. पण आज्ञा ‘पैसे जमा कर’ किंवा ‘पत्ता बदल’ अशी असेल, तर नोंद नसणे गंभीर आहे. तिथे यंत्राने थांबून माणसाला विचारले पाहिजे. आपणहून नवी नोंद उघडून त्यात पैसे टाकणे, किंवा जवळपासची दुसरी नोंद उचलणे, हे तर त्याने कदापि करू नये.

मग त्या चाळीस अर्जांचे काय? इथे दोन रिती आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. जिथे सर्व काम मिळून एकच असते, तिथे ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम. एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात भरायचे असतील आणि दुसरे खाते बंद झालेले आढळले, तर पहिल्यातून काढलेलेही परत जागच्या जागी गेले पाहिजेत. अर्धवट काम इथे चालत नाही. परंतु चाळीस मुलांचे चाळीस अर्ज ही चाळीस वेगळी कामे आहेत. एका सुलभाची नोंद गेली म्हणून एकोणचाळीस मुलांनी का थांबावे? तिथे यंत्राने जे जमेल ते करावे आणि शेवटी चोख हिशेब द्यावा: ‘एकोणचाळीस पाठवले. एक पाठवला नाही. तो अमक्याचा. कारण हे.’ चांगल्या यंत्राची ओळख ह्या शेवटच्या हिशेबात पटते.

आता आणखी एक प्रश्न पाहू. नोंद काढून टाकायची म्हणजे काय करायचे? समूळ पुसून टाकायची का? जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबारावर आपण काय पाहत होतो ते आठवा. जमीन दुसऱ्याच्या नावे झाली म्हणून पहिल्याचे नाव खरवडून काढीत नसत. त्याला कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक लिहीत. नाव दिसते, पण ते आता चालू नाही हेही दिसते, आणि का नाही ते शोधायचा धागाही हाती राहतो. जनरल रजिस्टरातही शाळा सोडल्याची तारीख आणि कारण त्याच ओळीत भरतात. चांगले प्रोग्रॅम हेच करतात. नोंद पुसण्याऐवजी तिच्यावर ‘काढली’ अशी खूण ठेवतात. यादीत ती दिसत नाही, पण कोणी तिला हुडकत आले, तर यंत्राजवळ सांगायला उत्तर असते. काही नोंदी मात्र खाजगीपणासाठी खरोखरच पुसाव्या लागतात. तिथेही मजकूर जाऊन ‘इथे अशी एक नोंद होती’ एवढी रिकामी खूण ठेवता येते.

ही खूण किती आवश्यक आहे हे, एकाच माहितीच्या अनेक नकला अनेक यंत्रांवर ठेवतात तिथे नीट कळते. फेसबुक कंपनीत जन्मलेली आणि २००८ साली सर्वांसाठी खुली झालेली कॅसँड्रा नावाची एक व्यवस्था आहे. तीत एखादी नोंद काढली की तिच्या जागी एक खूण ठेवतात. त्या खुणेला इंग्रजीत थडग्यावरचा दगड म्हणतात! हा दगड, वेगळे काही ठरवले नसेल तर, निदान दहा दिवस जागेवर ठेवतात. का? समजा, तीन यंत्रांपैकी एक बंद पडले असताना नोंद काढली गेली. ते यंत्र पुन्हा सुरू झाले, की त्याच्याजवळ जुनी नोंद शाबूत असणार. दगड जागेवर असला तर बाकीची दोन यंत्रे सांगतील, ‘अरे, ही गेली, तूही काढून टाक.’ दगडही उचलला गेला असला, तर त्या यंत्राची जुनी नोंदच खरी ठरून मेलेली नोंद पुन्हा उठून उभी राहते. अॅमेझॉन कंपनीच्या तज्ज्ञांनी २००७ साली आपल्या डायनॅमो या व्यवस्थेवर निबंध लिहिला, त्यात ही गोष्ट मोकळेपणी सांगितली आहे. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू कधी हरवता कामा नये, असा कौल त्यांनी दिला होता. त्याची किंमत अशी, की काढून टाकलेली वस्तू क्वचित टोपलीत पुन्हा दिसू शकते. साबणाच्या बाबतीत हे चालेल. मतदारयादीच्या बाबतीत चालणार नाही. म्हणजे कोणती चूक पत्करायची, हे कामाचे मोल पाहून ठरवावे लागते.

आतापर्यंत सर्व्हरच्या बाजूने पाहिले. पण कित्येकदा वस्तू नाहीशी होते ती पडद्यावरच्या पानातून. वेबपाने आपोआप तपासणारे प्रोग्रॅम असतात; सेलेनियम हे त्यांपैकी एक नामांकित, २००४ सालापासूनचे. असा प्रोग्रॅम पानावरचे एक बटण हेरून ठेवतो. तेवढ्यात पान स्वतःला नव्याने रंगवते. त्याच जागी, त्याच रंगाचे, त्याच नावाचे बटण पुन्हा उमटते. पण ते नवे बटण असते, जुने गेलेले असते. जुने घर पाडून त्याच पायावर हुबेहूब तसेच घर बांधले, तरी जुनी किल्ली नव्या कुलपाला कशी लागेल? अशा वेळी प्रोग्रॅमला ‘तुझा संदर्भ शिळा झाला’ अशा अर्थाचा चुकीचा संदेश मिळतो. २०१८ साली वेबच्या जागतिक मानकांत या चुकीला रीतसर स्थान मिळाले आहे. उपाय हा, की वस्तू हेरून जवळ ठेवायची नाही, लागेल तेव्हा नव्याने शोधायची. सापडली नाही तर थोडे थांबून पुन्हा शोधायची. पण किती वेळा? तीनदा, चारदा. त्याला मर्यादा हवी. कायमच्या गेलेल्या वस्तूला जन्मभर शोधत बसणारे यंत्र, हेही बिघडलेलेच यंत्र म्हणायचे.

कोणी म्हणेल, एवढ्या बारीक गोष्टीचा एवढा ऊहापोह कशाला? त्याला उत्तर म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. ती वेबपानाची नाही, कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्राची आहे. पण दोष ह्याच कुळातला आहे. थेरॅक-२५ नावाचे हे यंत्र कॅनडात बनलेले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात त्याचे सहा अपघात झाले. टेक्सासमधल्या टायलर या गावी १९८६ साली, यंत्र चालवणाऱ्या बाईंनी पडद्यावर किरणांचा प्रकार आधी चुकीचा भरला आणि लगेच दुरुस्त केला. दुरुस्ती पडद्यावर दिसत होती. पण यंत्राच्या आतली लोहचुंबके जुळवण्याचे काम सुमारे आठ सेकंद चाले, आणि त्या आठ सेकंदांत झालेला बदल आतल्या प्रोग्रॅमला कळलाच नाही. पडद्यावर एक, आत दुसरेच. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणे बसली. यंत्राने संदेश दिला तो ‘बिघाड ५४’ एवढाच. त्याचा अर्थ कोणाला उमगेना. आणि असले संदेश रोजचेच असल्यामुळे ‘पुढे चालू’ दाबण्याची सवय लागलेली. तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी तसाच दुसरा अपघात झाला. ते दोन्ही रुग्ण त्याच वर्षी दगावले. पडद्यावरची नक्कल आणि आतली वस्तुस्थिती यांच्यामधली फट, व न समजणारा संदेश, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होऊ शकते, ते यावरून दिसते.

आपल्या रोजच्या कामात आपण काय करावे, ते आता थोडक्यात सांगतो. ‘नोंद नाही’ असा संदेश आला, तर बटण पुन्हापुन्हा दाबू नका. आधी संदेश पूर्ण वाचा, त्यातला क्रमांक आणि वेळ कागदावर टिपून ठेवा. मग पान नव्याने उघडा, म्हणजे ताजी नक्कल येईल. जे अर्ज पाठवायचे होते त्यांपैकी कोणते गेले, ते पोचपावतीवरून ताडून पाहा. नुसत्या ‘यशस्वी’ या शब्दावर विसंबू नका. नोंद खरोखर गेली असली, तर ती नव्याने भरण्यापूर्वी ती कोणी आणि का काढली याची चौकशी करा. नाहीतर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतील. आणि एक यादी दोघांनी हाताळायची असेल, तर आधी एकमेकांना दोन शब्द सांगा. तोंडाने दिलेला निरोप अजूनही पुष्कळ कुलपांचे काम करतो.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा धडा शिकवायला कॉम्प्युटर लागत नाही. वर्गात दहा मुले रांगेत उभी करा. एका मुलाला त्यांची नावे क्रमाने कागदावर लिहून घ्यायला सांगा आणि त्याला पाठमोरा करा. मग हळूच एकाला जागेवर बसवा, आणि पाठमोऱ्या मुलाला म्हणा, ‘सातव्याला बोलाव.’ तो कागद पाहून एक नाव घेईल आणि रांगेतून भलताच पुढे येईल. मुले हसतील. मग विचारा, चूक कोणाची? कागदाची, लिहिणाऱ्याची, की बसलेल्याची? कोणाचीच नाही, हे मुले आपणहून सांगतील. मग चूक होऊ नये म्हणून काय करावे, हेही त्यांनाच विचारा. ‘नंबराने नको, नावाने बोलवा,’ ‘बसताना सांगून बस,’ ‘बोलावण्याआधी एकदा मागे वळून बघ,’ अशी उत्तरे येतील. आज आपण पाहिलेले तीन मुख्य उपाय तेच आहेत.

ज्या तरुणांना पुढे प्रोग्रॅम लिहायचे आहेत, त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे, की मध्येच नोंद नाहीशी होणे ही क्वचित घडणारी दुर्घटना नव्हे. जिथे दोन माणसे एका यादीवर काम करतात, तिथे ते घडणारच असे समजून तजवीज करावी. त्या वेळी पडद्यावर काय लिहून येईल, याचा विचार आधीच करून ठेवावा. आणि ते वाक्य अशा भाषेत असावे, की खेड्यातल्या शाळेत एकट्या बसलेल्या बाईंना ते वाचून कळावे, की काय झाले, काय झाले नाही, आणि आता काय करायचे.